मास्टरचं मेन केलं, डिलीट केलेली मास्टर तीन दिवसांनी परत आली. असं कसं?

बिल्ड_सांभाळणारी

गेल्या शुक्रवारी आमच्या मुख्य गिट रिपॉझिटरीची (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवायची जागा) डिफॉल्ट ब्रँच, म्हणजे कामाची मुख्य शाखा, मी ‘मास्टर’वरून ‘मेन’ केली. आज गुरुवार. सकाळी टेस्टिंगवाल्यांनी दाखवलं की सोमवारी दुपारी दुरुस्त होऊन मेनमध्ये मर्ज झालेला बग रात्रीच्या बिल्डमध्ये (कोडपासून बांधलेल्या प्रोग्राममध्ये) अजून तसाच आहे. शोधत गेले तर सर्व्हरवर मास्टर नावाची ब्रँच पुन्हा उभी! मी ती स्वतःच्या हाताने डिलीट केली होती. टर्मिनलवरची ती ओळ अजून माझ्याकडे आहे.

आमची मांडणी सांगते. रिपॉझिटरी २०१४ची. तेव्हा ती सबव्हर्जन या जुन्या प्रणालीतून गिटमध्ये आणली, तिथल्या ट्रंक या मुख्य शाखेची मास्टर झाली आणि तशीच राहिली. आमच्याच सर्व्हरवर बेअर रिपॉझिटरी आहे (जिच्यात थेट कोणी काम करत नाही अशी), सगळे एसएसएचने पुश-पुल करतात, म्हणजे आपले बदल पाठवतात आणि इतरांचे घेतात. मध्ये गिटहब किंवा गिटलॅबसारखी सेवा नाही. रोज काम करणारे आम्ही नऊ जण. दिवसाची बिल्ड्स जेनकिन्स या आपोआप बिल्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर होतात. रात्री दोन वाजता मात्र एक जुनी शेल स्क्रिप्ट नवा क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घेऊन सगळं पहिल्यापासून बांधते, आणि सकाळी टेस्टिंगला तेच बिल्ड जातं.

नाव बदलण्यामागे दोन कारणं होती. २०२० नंतर सुरू केलेल्या आमच्या सगळ्या रिपॉझिटरी मेनवर आहेत, या जुन्या तीनच मास्टरवर राहिल्या. त्यामुळे प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ‘अमकी रिपॉझिटरी असेल तर हे नाव, नाहीतर ते’ अशी ठिगळं लावावी लागत होती. दुसरं म्हणजे टीममधल्या दोघांना तो शब्द खटकत होता. त्यांनी तसं सांगितलं, तेवढं मला पुरेसं होतं.

मी केलं ते असं. माझ्या क्लोनमध्ये (ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरची रिपॉझिटरी)

गिट ब्रँच -एम मास्टर मेन
गिट पुश -यू ओरिजिन मेन

मग ‘मास्टर’ हा शब्द सगळीकडे शोधून २३ ठिकाणी बदलला: जेनकिन्सचे जॉब, रिलीजची स्क्रिप्ट, रीडमी, दोन डॉकरफाइल. सगळ्यांना मेल टाकली की आपापल्या क्लोनमध्ये ब्रँचचं नाव बदलून घ्या. शेवटी जुनी ब्रँच सर्व्हरवरून काढली.

शनिवार, रविवार, सोमवार असं तीन दिवस पहाटेचं बिल्ड फेल झालं. सोमवारी एका नव्या सहकाऱ्याने क्लोन केलं तर फोल्डर रिकामा आला. मी त्याला मेन चेकआउट करायला, म्हणजे ती ब्रँच निवडून तिच्या फाइल फोल्डरमध्ये आणायला, सांगितलं आणि त्याचं भागलं. मंगळवारी पहाटे बिल्ड यशस्वी झालं. रात्रीची स्क्रिप्ट सोमवारी दिवसभरात बघायची राहून गेली होती. मंगळवारी हिरवा दिवा दिसला आणि मी ती बघितलीच नाही. ही माझी चूक. तेव्हापासून तीन बिल्ड्स चुकीच्या ब्रँचवरून झाली आणि टेस्टिंगचे तीन दिवस वाया गेले.

आता त्या परत आलेल्या मास्टरवर एका सहकाऱ्याची तीन कमिट्स (नोंदवलेले बदल) आहेत. तो शपथेवर सांगतो की मेल आल्या आल्या त्याने नाव बदललं होतं, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. मग ब्रँच परत कशी आली? रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये तर मास्टर हा शब्दच नाही, ती नुसतं गिट क्लोन करते. तिला ही ब्रँच कुठून मिळाली? अजून दोन रिपॉझिटरींचं काम बाकी आहे. हे नीट कळल्याशिवाय मी त्यांना हात लावणार नाही.

चारशे_कमिट

तुमच्या क्लोनमधून हे चालवून बघा:

गिट एलएस-रिमोट --सिमरेफ ओरिजिन हेड

पहिल्या ओळीत काय येतं ते इथे टाका. आणि शेवटची डिलीट एका फटक्यात झाली का? बेअर रिपॉझिटरी सहसा ती करू देत नाही.

बिल्ड_सांभाळणारी

पहिली ओळ अशी येते: रेफ: रेफ्स/हेड्स/मास्टर.

हो, डिलीट आधी नाकारली गेली होती. ‘रिफ्यूझिंग टू डिलीट द करंट ब्रँच’ असा संदेश आला. शोधल्यावर सापडलं की सर्व्हरवरच्या कॉन्फिगमध्ये रिसीव्ह.डिनायडिलीटकरंट ही सेटिंग इग्नोर केली की चालतं. तसं केलं आणि झालं.

जुना_सर्व्हर

तुमचं कोडं तिथेच सुटतं. तो नकार म्हणजे गिटने दिलेली अगदी नेमकी सूचना होती, आणि ती सेटिंग बदलल्यावर पुढचं सगळं ओघाने आलं. मी बारा वर्षं अशाच बेअर रिपॉझिटरी सांभाळतो आहे. नाव बदलताना जे बिघडतं ते बहुतेक वेळा याच जागी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रँच म्हणजे गिटच्या लेखी एक छोटीशी नोंद. रेफ्स/हेड्स या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल असते आणि तिच्यात एका कमिटचा चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, असतो (किंवा पॅक्ड-रेफ्स या फाइलमध्ये तशी एक ओळ असते). कमिटमध्ये ब्रँचचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नाव बदलल्याने इतिहासाला धक्का लागत नाही, एकही हॅश बदलत नाही. पण हेड नावाची एक वेगळी फाइल असते आणि तिच्यात हॅशऐवजी ब्रँचचं नाव लिहिलेलं असतं. तुमच्या क्लोनमध्ये हेड म्हणजे सध्या चेकआउट असलेली ब्रँच. सर्व्हरवरच्या बेअर रिपॉझिटरीत कोणी चेकआउट करून बसलेलं नसतं, तिथे हेडचा अर्थ एकच: येणाऱ्याला नाव माहीत नसेल तर कोणती ब्रँच द्यायची. तुम्ही जिला डिफॉल्ट ब्रँच म्हणता ती हीच.

तुमच्या सर्व्हरवर हे हेड शुक्रवारपासून आजपर्यंत मास्टरकडेच बोट दाखवतं आहे. तुम्ही मेन नावाची नवी ब्रँच पुश केलीत आणि जुनी काढलीत, पण हेडला कोणी सांगितलंच नाही. पुशने ते बदलतही नाही, ते सर्व्हरवर जाऊनच बदलावं लागतं.

आता तुमचा आठवडा परत बघा. शुक्रवारी मास्टर गेली आणि हेड एका नसलेल्या ब्रँचकडे बघत राहिलं. अशा रिपॉझिटरीचा क्लोन होतो, पण ‘रिमोट हेड रेफर्स टू नॉनएक्झिस्टंट रेफ’ अशी सूचना देऊन फोल्डर रिकामा ठेवतो. नव्या सहकाऱ्याचा रिकामा फोल्डर हाच, आणि तीन फेल झालेली बिल्ड्सही हीच. सोमवारी कोणीतरी मास्टर पुश केली. ती ब्रँच पुन्हा जन्माला आली त्याच क्षणी तुमच्या रिपॉझिटरीची डिफॉल्ट ब्रँचही झाली, कारण हेड तिचीच वाट बघत होतं. मंगळवारी पहाटे स्क्रिप्टने नुसता क्लोन घेतला, सर्व्हरने मास्टर दिली, बिल्ड पास झालं. स्क्रिप्टमध्ये मास्टर हा शब्द शोधून सापडणार नव्हताच. नाव स्क्रिप्टमध्ये नव्हतं, सर्व्हरवरच्या एका ओळीच्या फाइलमध्ये होतं.

म्हणून मी म्हणतो, शब्द शोधून बदलणं लागतंच, पण जिथे ब्रँचचं नाव लिहिलेलं नाही अशा जागांची वेगळी यादी करायची. नुसता क्लोन करणाऱ्या स्क्रिप्ट्स, ब्रँच न सांगता जोडलेले सबमॉड्यूल (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी), मिरर म्हणजे हुबेहूब प्रत घेणारे सर्व्हर. या जागा हेडवर विसंबून असतात.

आता ज्याची तीन कमिट्स आहेत त्या सहकाऱ्याचं. तो खरं बोलतोय, आणि काय झालं असेल याचा मला दाट अंदाज आहे. तुमच्या मेलमध्ये त्यांना फक्त नाव बदलायची कमांड दिली होती ना? गिट ब्रँच -एम नाव बदलताना त्या ब्रँचची सगळी सेटिंगही सोबत नेते, आणि त्यात ‘माझी अपस्ट्रीम (सर्व्हरवरची जोडलेली ब्रँच) कोण’ हेही आलं. म्हणजे त्याच्याकडे ब्रँच मेन झाली, पण तिची अपस्ट्रीम ओरिजिन/मास्टरच राहिली. सोमवारी त्याने नुसतं गिट पुश केलं. गिट २.० पासून पुशची पद्धत सिंपल असते, आणि दोन्ही नावं जुळत नसतील तर ती पुश नाकारते. नाकारताना दोन पर्याय छापते. पहिला असा:

गिट पुश ओरिजिन हेड:मास्टर

आणि दुसरा त्याच नावाच्या ब्रँचला पुश करण्याचा. कामाच्या घाईत माणूस पहिला पर्याय कॉपी करतो. बहुतेक त्यानेही तेच केलं असावं. त्याला स्क्रीनवर ‘न्यू ब्रँच’ असं लिहिलेली ओळ आली असेल. त्याच्या टर्मिनलचा इतिहास बघायला सांगा, पण दोष देऊ नका. मेलमध्ये एकच कमांड असेल तर नऊ जणांपैकी कोणाकडूनही हे झालं असतं.

दुरुस्ती आजच करून टाका. सर्व्हरवर त्या बेअर रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये जाऊन:

गिट सिम्बॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन

ही एक ओळ चालली की रात्रीचं बिल्ड मेनवर येईल. मग तुमच्या क्लोनमधून ती एलएस-रिमोटची कमांड परत चालवा आणि बाहेरून काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

तीन कमिट्ससाठी आधी फेच करा (सर्व्हरवरचं ताजं उतरवून घ्या), मग

गिट लॉग --वनलाइन ओरिजिन/मेन..ओरिजिन/मास्टर

मास्टरवर आहे आणि मेनवर नाही तेवढंच यात दिसेल. तीनच दिसली तर मेनवर उभं राहून ओरिजिन/मास्टर मर्ज करा. चेरी-पिक (एकेक कमिट उचलून नव्याने लावणं) करू नका. त्याने कमिट्सचे हॅश बदलतात, आणि सहकाऱ्याच्या क्लोनमध्ये तेच बदल दोनदा दिसू लागतात. मर्ज केलं तर त्याची कमिट्स जशीच्या तशी मेनमध्ये येतात आणि त्याला काही आवरावं लागत नाही. मर्ज पुश झाल्यावर वरचा लॉग रिकामा यायला हवा. रिकामा आल्यावरच मास्टर डिलीट करा. आता ती सरळ डिलीट होईल, कारण हेड तिच्याकडे बघत नाही. आणि डिनायडिलीटकरंट ही सेटिंग काढून पूर्ववत करा. ती राखणीला आहे.

डिलीट करण्याआधी जुन्या टोकावर एक टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा. बेअर रिपॉझिटरीत रेफलॉग (ब्रँचचं टोक कधी कुठे होतं याची नोंद) मुळात बंद असतो, त्यामुळे ब्रँच काढल्यावर तिचं टोक कुठे होतं हे सर्व्हर सांगू शकत नाही. टॅगचं नाव मात्र मास्टर ठेवू नका. एकाच नावाचा टॅग आणि ब्रँच असेल तर गिट प्रत्येक वेळी नाव संदिग्ध असल्याची कुरकुर करतं. ‘जुनी-मास्टर-शेवट’ असं काहीतरी ठेवा.

चारशे_कमिट

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. सगळ्यांना पाठवायच्या मेलबद्दल थोडं, कारण खरी गळती तिथून होते. एक कमांड पुरत नाही, चार लागतात, आणि याच क्रमाने:

गिट ब्रँच -एम मास्टर मेन
गिट फेच ओरिजिन --प्रून
गिट ब्रँच -यू ओरिजिन/मेन मेन
गिट रिमोट सेट-हेड ओरिजिन -ए

तिसरीने अपस्ट्रीम सुधारते. चौथी लोक हमखास विसरतात. प्रत्येक क्लोनमध्ये सर्व्हरच्या हेडची एक प्रत ठेवलेली असते, ओरिजिन/हेड नावाने, आणि ती क्लोन केलं त्या दिवशीची असते. दुसऱ्या कमांडने प्रून केल्यावर (सर्व्हरवर नसलेल्या ब्रँचच्या नोंदी काढल्यावर) ती लटकती झाल्याची सूचना येते. ती सूचना म्हणजे काही बिघाड नाही, चौथी कमांड चालवली की जाते. पण चालवली नाही तर ‘डिफॉल्ट ब्रँचशी तुलना कर’ असं सांगणाऱ्या काही अवजारांना जुनंच नाव मिळत राहतं.

आणि मेल वाचून नऊच्या नऊ जण हे करतील असं धरून चालू नका. सर्व्हरवर अपडेट हुक लावा, म्हणजे पुश आली की आपोआप चालणारी स्क्रिप्ट. ही स्क्रिप्ट प्रत्येक रेफसाठी (ब्रँच किंवा टॅगसाठी) एकदा चालते आणि तिला पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये रेफचं पूर्ण नाव मिळतं. ते रेफ्स/हेड्स/मास्टर असेल तर एक संदेश छापा आणि एक्झिट १ करा, म्हणजे ती पुश नाकारली जाते, बस. छापलेला संदेश पुश करणाऱ्याच्या स्क्रीनवर ‘रिमोट’ असं लिहून दिसतो. त्यात वरच्या चार कमांड सरळ छापून द्या, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला गरजेच्या वेळीच त्या मिळतील. एक लक्षात ठेवा: हा हुक डिलीटलाही अडवतो. म्हणून आधी मास्टर डिलीट करा, मग हुक लावा.

हार्डवेअर_टोळी

माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही मास्टर काढलीच नाही, सर्व्हरवर तिला मेनचं दुसरं नाव करून ठेवली:

गिट सिम्बॉलिक-रेफ रेफ्स/हेड्स/मास्टर रेफ्स/हेड्स/मेन

आता कोणी मास्टर मागितली तरी मेन मिळते, मास्टरवर पुश केलं तरी मेनवर जातं. कोणाला काही कळवावं लागलं नाही. आमच्याकडे कारण होतं: ग्राहकांकडे बसवलेली उपकरणं नाव घेऊन मास्टर पुल करतात, आणि त्यांच्यातलं सॉफ्टवेअर दूरवरून बदलता येत नाही.

जुना_सर्व्हर

तुमच्या उपकरणांसाठी हाच मार्ग योग्य, मीही तोच घेतला असता. पण नऊ माणसांच्या टीमला मी तो सुचवणार नाही. दोन्ही नावं चालत असली की जुनं नाव कुठे कुठे उरलंय हे कधीच कळत नाही, आणि दोन वर्षांनी सर्व्हर बदलताना ते टोपणनाव न्यायचं राहिलं की सगळं एकदम कोसळतं. ज्या जागा आपल्या हातात आहेत तिथे जुनं नाव ठळकपणे मोडलेलं मला बरं वाटतं. आणि पुढेमागे टोपणनाव काढायचंच झालं तर सर्व्हरवर जाऊन गिट सिम्बॉलिक-रेफ --डिलीटनेच काढा.

रीव्ह्यू_प्रलंबित

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं गिटहबवर आहे त्यांच्यासाठी. तिथे मूळ पोस्टमधल्यासारखं नवी पुश करून जुनी डिलीट करू नका, जुन्या ब्रँचवरच्या उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल मर्ज करण्याच्या विनंत्या) बंद होतात. जानेवारी २०२१ पासून सेटिंगमध्येच ब्रँचचं नाव बदलायची सोय आहे. तिने उघड्या पुल रिक्वेस्ट नव्या नावाकडे वळतात, ब्रँच प्रोटेक्शनचे नियम सोबत येतात, वेबवरचे जुने दुवेही नव्या पत्त्यावर जातात.

पण तीन गोष्टी ती करत नाही. कच्च्या फाइलचे, म्हणजे रॉ, दुवे वळत नाहीत. वर्कफ्लोच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या, फाइलमध्ये लिहिलेलं नाव तुम्हालाच बदलावं लागतं, आणि तुमची रिपॉझिटरी स्वतःच एखादी अ‍ॅक्शन (इतरांनी आपल्या वर्कफ्लोत वापरायचा तयार भाग) असेल तर ती जुन्या ब्रँचच्या नावाने वापरणाऱ्यांचं काम अडतं. तिसरं म्हणजे कोणी जुन्या नावाने पुल केलं तर ते वळवलं जात नाही. प्रत्येकाच्या मशीनवरच्या क्लोनसाठी वरच्या चार कमांड लागतातच.

गिटलॅबवर असाल तर पाइपलाइनमध्ये नाव लिहूच नका. सीआय_डिफॉल्ट_ब्रँच हे व्हेरिएबल आयतं मिळतं, ते वापरा. पुन्हा कधी नाव बदललं तर ती फाइल उघडावीही लागणार नाही.

मध्येच_आलो

मला मनापासून एक विचारायचं आहे, वाद घालायचा नाही. इतकी यातायात करण्याइतकं हे महत्त्वाचं आहे का? गिटला नावाने फरक पडत नाही असं वर म्हटलंच आहे.

जुना_सर्व्हर

रास्त प्रश्न आहे. शब्दाबद्दल म्हणाल तर मास्टर-स्लेव्ह (मालक-गुलाम) ही जोडी संगणकाच्या जगात बराच काळ वापरात होती, आणि काही लोकांना ती टोचते. जून २०२० मध्ये गिट प्रकल्प आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी यांनी मिळून जाहीर केलं की पहिल्या ब्रँचचं नाव प्रत्येकाला ठरवता येईल अशी सोय करतो. पुढच्याच महिन्यात गिट २.२८ मध्ये इनिट.डिफॉल्टब्रँच ही सेटिंग आली. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवर नवी रिपॉझिटरी मेनवर सुरू होऊ लागली. म्हणजे आता नव्या माणसाच्या हाताला मेनचीच सवय असते. मूळ प्रश्नातलं ठिगळांचं दुखणं याच कारणाने वाढत जातं, कमी होत नाही. मला विचाराल तर जुनी रिपॉझिटरी गोठलेली असेल, कोणी कमिट करत नसेल, तर तिला हात लावू नये. रोज नऊ जण काम करत असतील तर एक दिवस नीट देऊन करून टाकावं.

आणि ‘गिटला फरक पडत नाही’ यात एक बारीक अपवाद आहे, त्याने मला दोन दिवस छळलं होतं. मर्ज करताना गिट जो आयता संदेश लिहितं, त्यात ‘अमक्या ब्रँचमध्ये’ हे शेपूट असतं. ब्रँच मास्टर असेल तर ते शेपूट गाळलं जातं, मेन असेल तर ‘इनटू मेन’ असं लागतं. आमची रिलीज नोट तयार करणारी स्क्रिप्ट मर्ज संदेशाची ओळ शेवटपर्यंत तंतोतंत जुळवायची, त्यामुळे नाव बदलल्यावर तिला एकही मर्ज सापडेना. मर्ज.सप्रेसडेस्ट या सेटिंगमध्ये मेन घातलं की शेपूट जातं. पण ती सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर करावी लागते, म्हणून आम्ही स्क्रिप्टच सुधारली. बिल्ड_सांभाळणारी, तुमच्या रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये असं काही आहे का ते आत्ताच बघून घ्या.

चारशे_कमिट

उरलेल्या दोन रिपॉझिटरींसाठी अजून एक. मेन/काहीतरी अशा नावाची ब्रँच कोणी कधी केली असेल तर मेन तयारच होणार नाही. ब्रँच म्हणजे फाइल, आणि नावात तिरकी रेघ आली की फोल्डर. एकाच जागी मेन ही फाइल आणि मेन हा फोल्डर दोन्ही राहू शकत नाहीत. गिट ‘कॅनॉट लॉक रेफ’ म्हणून थांबतं. आधी सगळ्या ब्रँचची यादी काढून बघा.

बिल्ड_सांभाळणारी

आज सोमवार. काय काय झालं ते लिहिते, तुमच्यामुळेच हे सगळं करता आलं.

सहकाऱ्याच्या टर्मिनलचा इतिहास आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितला. अगदी तसंच निघालं. शुक्रवारी ब्रँच -एम, सोमवारी सकाळी ११ वाजता गिट पुश, खाली नकार, आणि पुढची ओळ हेड:मास्टर. ‘न्यू ब्रँच’ची ओळही होती. तो बिचारा आठवडाभर स्वतःवर शंका घेत होता. मेलमध्ये एकच कमांड मी लिहिली होती, ते त्याला आणि टीमला सगळ्यांसमोर सांगितलं.

हेड त्याच संध्याकाळी बदललं. लॉगमध्ये तीनच कमिट्स निघाली, मर्ज केली, टॅग लावला, मास्टर काढली, ती सेटिंग परत जागेवर ठेवली आणि शेवटी हुक बसवला. शुक्रवारी पहाटेचं बिल्ड मेनवरून झालं. आता रात्रीची स्क्रिप्ट सुरुवातीलाच ब्रँचचं नाव आणि कमिटचा हॅश लॉगमध्ये छापते, आणि ब्रँच मेन नसेल तर तिथेच थांबते. हे मी आधीच करायला हवं होतं.

हुकने दोन पुश अडवल्या. एक सुट्टीवरून परतलेल्या सहकारिणीची होती. तिने संदेशातल्या चार कमांड चालवल्या आणि मला विचारायलाही आली नाही. दुसरी एका मशीनवरून होती, जी आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच नव्हती. भाषांतराच्या फाइल दर शनिवारी गोळा करून थेट मास्टरवर पुश करणारं एक काम तिथे २०१७ पासून चालू आहे, आणि त्याची स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेर असल्यामुळे माझ्या शोधात ती आलीच नव्हती. हुक नसता तर परवा शनिवारी मास्टर पुन्हा उगवली असती.

रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये मर्ज संदेश जुळवणारी ओळ खरंच आहे. पुढचं रिलीज २० दिवसांवर आहे, त्यामुळे ती वेळेत सापडली.

दुसऱ्या रिपॉझिटरीचं काम आज सकाळी केलं. या वेळी सुरुवात सर्व्हरवरून केली: आधी हुक लिहून तयार ठेवला, मग बेअर रिपॉझिटरीतच ब्रँच -एम चालवलं, तिथे हेडही आपोआप मेनकडे वळलं. तरी एलएस-रिमोटने बाहेरून तपासलं, हुक सुरू केला आणि मगच मेल पाठवली, चारही कमांडसकट. तिसऱ्या रिपॉझिटरीत ब्रँचची यादी काढली तर मेन/इन्स्टॉलर नावाची एक ब्रँच निघाली. ती ज्याची आहे तो बुधवारी येतोय, तोपर्यंत ती तशीच ठेवली आहे.